ह्यात ते बसतं का?

मागच्या महिन्यात आईला मिक्सर घ्यायला गेलो होतो. जुन्याची मोटर जळली, म्हणजे दोन दिवस नुसता वास येत होता आणि तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याचं कूट अर्ध्यात टाकून तो गेला. तर दुकानदार साडेसातशे वॅट, तीन भांडी, मोटरची वॉरंटी असं सगळं पाढे म्हटल्यासारखं सांगत होता, आईने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पिशवीतून, हो, घरून आणलेल्या कापडी पिशवीतून, जुन्या मिक्सरचं चटणीचं भांडं काढून काउंटरवर ठेवलं. "हे बसतं का ह्याच्यावर?"

दुकानदार हसला. काकू, कंपनी वेगळी आहे, खालची चकती वेगळी येते. मग त्याच कंपनीचं दाखवा. तर म्हणे त्याच कंपनीचं नवीन मॉडेल आहे पण त्यालाही हे बसणार नाही, आता सगळं बदललंय. आई भांडं उलटंसुलटं करून बघत म्हणाली, "पण भांड्याला काय झालंय? भांडं चांगलंय की."

येताना रिक्षात ते भांडं तिच्या मांडीवर होतं आणि नवा मिक्सर पायाशी.

मी तिला हसू शकलो नाही कारण आमच्या माळ्यावर माझं एक खोकं आहे. बायको दर दिवाळीच्या साफसफाईला विचारते, हे टाकायचं का, आणि मी दर दिवाळीला "बघतो" म्हणतो. त्यात तीन पिढ्यांच्या गेमच्या डिस्का आहेत, ज्या चालवायला आता घरात काही नाही, आणि सगळ्यात तळाशी सहा कॅसेटी. लाल, पिवळ्या, एक काळी. आणि एक प्लास्टिकची बंदूक.

कॅसेट म्हणजे व्हिडिओ गेमची कॅसेट, हे आमच्या वयाच्या माणसाला सांगावं लागत नाही. कार्ट्रिज हा शब्द आम्ही फार नंतर ऐकला, तेही प्रिंटरच्या बाबतीत. मे महिन्यात आजोळी मिरजेला गेलो की मामेभावाकडे, म्हणजे दादाकडे, ते मशीन असायचं. दुपारी जेवणं झाली की मोठी माणसं आडवी व्हायची आणि आम्ही टीव्हीच्या मागे डोकं घालून अँटेनाची वायर काढून गेमची वायर खुपसायचो, मग चॅनल ट्यून करत बसायचं, मुंग्या, मुंग्या, मुंग्या, आणि एकदम चित्र. नाहीच आलं तर कॅसेट काढून फुंकर. दादा फुंकर मारायचा ती बासरीवाल्यासारखी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुढे कळलं की मूळ मशीन बनवणाऱ्या निंटेंडो कंपनीने स्वतःच लिहून ठेवलं होतं की फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलीने पिना खराब होतात. जे काय चालायचं ते कॅसेट काढून परत लावल्यामुळे. असेल. पण फुंकर न मारता लावून बघायची आमच्यात कुणाची टाप नव्हती.

मामी अर्ध्या तासाने झोपेतूनच ओरडायची, अ‍ॅडाप्टर तापला असेल रे, पिक्चर ट्यूब उडेल! अ‍ॅडाप्टर खरंच इतका तापायचा की त्यावर पापड भाजला असता. आणि ह्या सगळ्यातून वाचून तुम्ही शेवटच्या साहेबापर्यंत, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रूपर्यंत, पोचलात की लाईट जायची. सेव्ह नावाचा प्रकार नव्हता. पुन्हा पहिल्या लेव्हलच्या जंगलापासून.

आता गंमत बघा. ते मशीन मूळचं जपानी फॅमिकॉम, १९८३ सालचं. आपल्याकडे आली ती बहुतेक त्याची नक्कल, शंभर नावांनी. दादाच्या मशीनवर एक नाव, शेजारच्या डॉक्टरांच्या मुलाकडे दुसरं, आमच्याकडे पुण्यात तिसरंच, पण खाच सगळ्यांची तीच, साठ पिनांची. मिरजेची कॅसेट पुण्यात चालायची, जत्रेतली दुकानातल्या मशीनवर चालायची. जगात तिकडे एकामागून एक नवे कन्सोल, म्हणजे गेमची मशीनं, येत होते, ह्यावर ते चालत नाही म्हणून लोक कपाळाला हात लावत होते, आणि आम्ही नव्वद साल संपून पुढची दहा वर्षं गेली तरी त्याच खाचेत खूश. "९९९९ इन वन" लिहिलेल्या कॅसेटमध्ये सात गेम असायचे आणि उरलेले तेच सात, फक्त सुरुवात वेगळ्या लेव्हलपासून, ही फसवणूक होती खरी, पण बसायची तरी कुठेही. बनावट मालाने जी एकी साधली ती अस्सल मालवाल्यांना आजपर्यंत जमली नाही असं माझं मत आहे.

म्हणजे अगदीच जमली नाही असं नाही. गेम बॉय अ‍ॅडव्हान्समध्ये, म्हणजे निंटेंडोच्या हातात धरून खेळायच्या मशीनमध्ये, आधीच्या गेम बॉयच्या कॅसेटी बसायच्या, फक्त वरून अर्ध्या बाहेर राहायच्या, धाकट्याच्या शर्टातून थोरल्याचं पोट दिसावं तशा. आणि सोनीचा प्लेस्टेशन टू. तो २००० साली आला तेव्हा आधीच्या प्लेस्टेशनच्या डिस्का त्यात सरळ चालायच्या, आणि त्यामागची युक्ती मला फार आवडते. जुन्या मशीनचा मुख्य प्रोसेसर त्यांनी नव्याच्या पोटातच ठेवला होता. एरवी त्याला किरकोळ काम, कंट्रोलरकडे बघ, मेमरी कार्डकडे बघ. घरातली आजी कशी एरवी भाजी निवडत बसलेली असते, तसा. पण जुनी डिस्क आली की आजी पदर खोचून उठणार आणि स्वतःच्या हातचं करून घालणार. हा कन्सोल पुढे पंधरा कोटींच्या वर विकला गेला. सगळं काही आजीमुळे नसेल, पण थोडं तिचंही असणार.

प्लेस्टेशन थ्रीच्या पहिल्या काही मॉडेलांतही, २००६ साली, आधीच्या पिढीची चिप अशीच आत बसवलेली होती. मग खर्च कमी करायचा म्हणून पुढच्या मॉडेलांतून ती काढत गेले, आणि वर्षभरात आलेल्या मॉडेलमध्ये प्लेस्टेशन टूचे गेम चालेनासे झाले. वाटण्या झाल्या, आजी गेली. वर ह्या थ्रीचा स्वतःचा सेल प्रोसेसर इतका विक्षिप्त होता, सोनी, तोशिबा आणि आयबीएम तिघांनी मिळून केलेला, की त्याची भाषा पुढच्या पिढीला उमजेना. २०१३ च्या फोरमध्ये थ्रीची डिस्क घातली तर काही होत नाही. फोर आणि फाइव्ह मात्र आतून एकाच घराण्यातले, म्हणून फोरचे जवळजवळ सगळे गेम फाइव्हवर चालतात. म्हणजे नातू आणि बाप बोलतात, आजोबांशी कुणीच बोलत नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये उलटा प्रकार केला. नव्या एक्सबॉक्समध्ये जुनी डिस्क घाला, ती फक्त ओळखपत्र म्हणून बघणार आणि गेम नव्याने उतरवून देणार. बरीच वर्षं हे चाललं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटचे ७६ गेम देऊन त्यांनी हात जोडले. तांत्रिक अडचणी, कायदेशीर अडचणी, परवाने. हे परवान्यांचं दुखणं खरं आहे, गाड्यांच्या गेममध्ये गाडीच्या कंपनीचा, गाण्याच्या मालकाचा, प्रत्येकाचा करार वेगळा, आणि करार संपला की गेमच विकता येत नाही. अमेरिकेत व्हिडिओ गेमचा इतिहास जपणारी एक संस्था आहे, तिने २०२३ मध्ये मोजलं तर तिथले जुने गेम १०० पैकी ८७ आज बाजारात मिळतच नाहीत. सत्त्याऐंशी! बाकीचे तेरा काय ते आपण परत परत विकत घेतो.

ह्या परत परतवरून आठवलं. आमच्या बाबांनी एकच अभंग आधी कॅसेटवर घेतले, मग सीडीवर, आणि ते गेल्यावर मी आईला आत पाच हजार गाणी भरलेला रेडिओ आणून दिला, त्यातही तेच अभंग. तीनदा पैसे भरले, विठ्ठल तोच. पण निदान गाणं कशावरही वाजवलं तर तेच वाजतं. गेमचं तसं नाही, तो यंत्राच्या अंगाने लिहिलेला असतो. माझ्या खोक्यातल्या त्या बंदुकीचंच घ्या. बदकं मारायचा गेम, नेम चुकला की कुत्रा गवतातून वर येऊन फिदीफिदी हसायचा, त्या कुत्र्यालाच गोळी घालायचा प्रयत्न केला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. तर ती बंदूक काही मारत नव्हती, ती बघत होती. घोडा दाबला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, बंदुकीच्या नळीत प्रकाश पडला तर बदक मेलं. हे सगळं जुन्या जाडजूड टीव्हीच्या ठेक्यावर बेतलेलं. आजचा एलईडी टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतो आणि तेवढ्यात बंदूक आंधळी. म्हणजे मशीन जपलं, कॅसेट जपली, बंदूक जपली तरी टीव्ही गेला की कुत्रा कायमचा हसणार.

आता खरं सांगायचं तर ह्यातलं मी किती खेळतो? काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी हौसेने एक जुना गेम लॅपटॉपवर चालवला, वीस मिनिटांत कंटाळलो आणि जीमेल उघडलं. तरी नवीन कन्सोलवर जुनं चाललं पाहिजे असं मी कुणाशीही भांडून सांगेन. का, ते मला नीट सांगता येणार नाही. गावच्या घराला आपण वर्षातून चार दिवसही जात नाही पण चुलत्यांनी कुलूप बदललं म्हटल्यावर झोप लागत नाही, त्यातला प्रकार असावा.

तर मिक्सरच्या दुसऱ्या रविवारी भाच्याकडे गेलो. त्याच्याकडे नवा कन्सोल आलाय. जाताना मी पिशवीत डिस्का घेतल्या. बहिणीने दार उघडलं, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, तू अगदी आईवर गेलायस.

भाचा अकरा वर्षांचा. त्याने एकेक डिस्क हातात घेऊन बघितली, दोन ठेवून घेतल्या, बाकीच्या गड्डी करून परत दिल्या. "मामा, ह्या नाही चालणार. ह्या आजोबांच्या काळातल्या आहेत." आजोबांच्या! मी २०१० मध्ये घेतल्यात. ते राहू दे म्हणलं, हे बघ, आणि त्याच्या कन्सोलवर कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम विकत घेतला. तो बनवणाऱ्या कोनामी कंपनीने २०१९ मध्ये जुन्या कॉन्ट्राचा संच काढलाय, त्यात तोच तो आमचा. मिरजेच्या कॅसेटमध्ये होता तो. पैसे भरताना आईचा चेहरा आठवला, पण भरले.

दुसरा कंट्रोलर त्याच्याकडे नव्हता. माझ्याकडे मागच्या पिढीचा पडून होता आणि हे मला माहीत नव्हतं, पण जुना कंट्रोलर जुन्या गेमपुरता नव्यावर चालतो. नव्या गेमला नाही. त्याला तेवढीच परवानगी. मेल्यासारखा डिस्चार्ज होता म्हणून चार्जिंगची वायर शोधली तर दोन्ही घरांत सगळं टाइप सी झालेलं, ती जुनी बारकी पिन कुठेच नाही. शेवटी रात्री घरी आईच्या अभंगांच्या रेडिओची वायर सापडली. ती उचलली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर भाच्याकडे.

जंगल झालं. बोगदा झाला. मग धबधबा. ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीये, तिसरी लेव्हल, खालून वर उड्या मारत जायचं, आणि दोघं खेळत असले की जो पुढे जाईल त्याच्याबरोबर स्क्रीन वर सरकते. खाली राहिलेला माणूस स्क्रीनच्या खाली गेला की मेला. गोळी न लागता. दादा तिथे मला दर वेळी मारायचा. मी "थांब, थांब ना रे" म्हणून रडकुंडीला यायचो, आणि आमच्या मशीनला दुसऱ्या रिमोटवर स्टार्टचं बटणच नव्हतं, त्यामुळे थांबवायचा अधिकार फक्त दादाला. तो थांबवायचा नाही. एकदा मी त्याच्या दंडाला चावलो होतो, त्यावरून मामा-मामी आणि आईमध्ये जे झालं ते दोन सुट्ट्या पुरलं.

भाचा सरसर वर गेला. मी दगडाच्या खाचेत उभा, बटणं तीच, पण अंगठा अर्धा सेकंद उशिरा.

"थांब रे जरा."

"तू उडी मार ना मामा."

"अरे थांब की."

"मी थांबलो तर मला गोळी लागेल."

ह्यात त्याची काही चूक नव्हती. सात जीव गेले माझे त्या धबधब्यात. ह्यावेळी माझ्या रिमोटला थांबवायचं बटण होतं, पण मी काही ते दाबलं नाही. मग तो एकटाच खेळत राहिला आणि मी बघत बसलो, बहिणीने चहा आणला, नऊ वाजले.

सकाळी आईचा फोन. नव्या मिक्सरमध्ये इडलीचं बरं वाटतं पण ओलं खोबरं नीट होत नाही, आणि माझ्या रेडिओची वायर कुठे गेली रे?

वायर भाच्याकडे राहिली. आता ती आणायला जायचंय. दुसरी कुठली त्याला बसत नाही.