‘जर’नंतरचा भूतकाळ

परवा माझ्या लेकीनं वहीत लिहिलं, ‘इफ इट विल रेन, आय विल स्टे होम.’ मी पहिलं ‘विल’ खोडलं. तिनं विचारलं, ‘पाऊस उद्याचाच आहे ना?’ प्रश्न रास्त होता. मी शाळेत इंग्रजीतल्या ‘जर-तर’च्या वाक्यांचे झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे चार प्रकार घोकले होते, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मग मी मराठीकडे वळले. ‘उद्या पाऊस आला तर मी घरी थांबेन.’ पाऊस उद्याचा, रूप ‘आला’! इथे अटीच्या भागात आपणही भविष्यकाळ वापरत नाही. इंग्रजी तिथे साधा वर्तमानकाळ घेते, ‘इफ इट रेन्स’. हे तिला लगेच पटलं.

खरी अडचण पुढे आली. ‘वेळ असता तर मी आले असते.’ हे वाक्य आजचं की कालचं? मराठीत दोन्ही चालतं, संदर्भावरून कळतं. इंग्रजीत मात्र ठरवावंच लागतं. आजचं असेल तर ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम’. कालचं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम’. पहिल्या वाक्यातला ‘हॅड’ गेलेला काळ दाखवतच नाही, वेळ नाही एवढंच सांगतो. ‘इफ आय वेअर यू’मधला ‘वेअर’ही तसाच. हे मला कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं.

आणि हो, ‘इफ यू विल वेट अ मोमेंट’ बरोबर आहे. तिथलं ‘विल’ म्हणजे तुमची तयारी. ते मी खोडणार नाही.