स्वस्तातली टेन-ट्वेंटीटू जुळवताना

कॉलेजात एनसीसीच्या फायरिंगला पॉइंट टू-टूची बोल्ट रायफल हाताळली होती, तेवढीच काय ती बंदुकीशी ओळख. ओहायोत आल्यावर ॲपलसीडच्या नेमबाजी शिबिरांबद्दल कळलं आणि जुनी खुमखुमी जागी झाली. पण एच-वन-बीवर असेपर्यंत तो विषय बंद होता. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक विकत घेता येत नाही. ग्रीन कार्डवर येते. कार्ड आल्यावर दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, दुकानदाराने एफबीआयकडून तपासणी करून घेतली आणि एक जुनी रुगर १०/२२ कार्बाइन घरी आली. सेमी-ऑटो (चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप भरते), १० गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, लाकडी दस्ता.

हे मॉडेल १९६४ पासून चालू आहे, त्यामुळे सुट्या भागांचा बाजार अफाट. तिथेच खिसा कापला जातो. जाड बॅरल (नळी), कार्बन फायबरचा दस्ता, चकचकीत बोल्ट (मागेपुढे सरकून गोळी आत ढकलणारा भाग)... नुसतं बॅरलच रायफलपेक्षा महाग पडू शकतं. मी खरेदीला हात घालण्याआधी शिबिराची परीक्षा काय मागते ते बघितलं. २५ मीटरवर साधारण एक इंचात गोळ्या बसवता आल्या पाहिजेत. तेवढं तर कंपनीचं मूळ बॅरलही करतं. बॅरल बाद!

उरलं ते जिथे माझं अंग रायफलला लागतं तेवढंच: डोळा, बोट आणि डावा दंड.

सगळ्यात आधी साइट, म्हणजे नेम धरायची खूण. मूळची मागची खाच बॅरलवर, डोळ्यापासून लांब. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना ती धूसरच दिसते. टेक-साइट्सचं पीप साइट घेतलं. त्याचं मागचं भोक रिसीव्हरच्या (बोल्ट बसतो त्या धडाच्या) मागच्या टोकाला येतं, डोळा आपोआप मध्यावर बसतो आणि लक्ष पुढच्या माशीवर (बॅरलच्या टोकावरच्या खुणेवर) ठेवायचं एवढंच उरतं. जुनी माशी मात्र खाचेत घट्ट रुतली होती. पितळी पंच लावून हळूहळू ठोकत काढली. घाई केली तर बॅरलवर ओरखडे.

मग पट्टा. सवा इंची कापडी पट्ट्याचा फास दंडात अडकवून पालथं झोपलं की रायफल अशी काही घट्ट बसते की बस! त्यासाठी दस्त्यात दोन भोकं पाडली. लाकूड तडकू नये म्हणून आधी बारीक ड्रिल, मग स्क्रूला साबण चोळून फिरवायचा. सगळ्यात कमी खर्चाचं काम हेच, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाचं.

ट्रिगरला विचार करावा लागला. मूळचा चाप चांगलाच जड. मूळ भाग घासून तो हलका करणारे लोक आहेत, पण सिअरला (चाप ओढेपर्यंत घोडा अडवून धरणाऱ्या भागाला) घरी कानस लावायची नाही यावर मी ठाम होतो. तिथे चुकलं तर हात न लावता गोळी सुटू शकते. रुगरचाच तयार बीएक्स ट्रिगर घेतला, ओढ अडीच ते तीन पौंड. मॅगझिन रिकामं, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासायचं, दस्त्याचा स्क्रू काढायचा, सेफ्टीचं बटण अर्ध्यावर ठेवायचं (नाहीतर दस्ता निघतच नाही), दोन पिना सरकवायच्या की जुना संच बाहेर. नव्या संचाबरोबर मॅगझिन सोडायचा लांब खटकाही आला, म्हणजे ते पैसे वाचले.

कानस चालवली ती बोल्ट अडकवणाऱ्या पट्टीवर. मूळ रचनेत बोल्ट सोडताना एका हाताने पट्टी दाबायची आणि दुसऱ्याने बोल्ट मागे ओढायचा. भोकातल्या टोकदार कडेला थोडा उतार दिला की नुसता बोल्ट ओढला तरी सुटतो. आयती पट्टीही मिळते. परीक्षेत पालथं झोपून ६५ सेकंदांत १० गोळ्या मारायच्या असतात आणि मध्येच मॅगझिन बदलायचं असतं. तिथे ही कानस वसूल झाली.

बोल्ट मागे आदळतो तिथली लोखंडी पिन काढून पॉलिमरची घातली. खडखड कमी झाली, नेमात काही फरक नाही. चैनच ती.

खंडेनवमीला बायकोने विचारलं, “ही पूजेत ठेवायची का?” मी पाने, पंच आणि ती कानस ठेवली.

शेवटचा खर्च गोळ्यांचा. एकाच बॅरलला एक गोळी मानवते, दुसरी नाही. चार-पाच प्रकार आणून टेकू देऊन मारून बघितले. ठोक डब्यातल्या गोळ्या विखुरल्या, सीसीआय कंपनीची स्टँडर्ड व्हेलॉसिटी (बेताच्या वेगाची) गोळीला गोळी लावून बसली. आता सरावाला स्वस्त डबा आणि २५० पैकी २१० गुण लागणाऱ्या परीक्षेपुरती सीसीआय वेगळी काढून ठेवली आहे.