मे महिन्यातलं सेंट्रल पार्क, वाटेवरचे पक्षी आणि घरटी

न्यूयॉर्कमधे होते तेव्हा रोज रात्री झोपायच्या आधी बर्डकास्ट ही साइट उघडायचे. हवामानाच्या रडारवरून ती सांगते की आत्ता ह्या भागावरून अंदाजे किती पक्षी उडत चाललेत. वारा दक्षिणेचा असला की आकडा चढतो, कारण उत्तरेला निघालेल्यांना मागून रेटा मिळतो, आणि अशा रात्रीनंतरची सकाळ अजिबात सोडायची नाही. मेचा पहिला पंधरवडा म्हणजे ऐन हंगाम.

सहाला पार्क उघडलं की मी थेट रॅम्बलमधे. पार्क 843 एकर, त्यातला हा भाग जेमतेम 36 एकरांचा, वळणावळणाच्या पायवाटा, छोटा ओढा, दाट झाडी. हे लहान पक्षी बहुतेक रात्रीच प्रवास करतात, हवा थंड आणि शांत असते, शिकारी पक्षी कमी असतात, आणि मग उजाडायला लागलं की खाली चहूकडे इमारती आणि मधेच हा एक हिरवा पट्टा, उतरणार तरी दुसरं कुठे! त्यामुळे मोठ्या जंगलात विखुरले असते ते सगळे इथे एवढ्याशा जागेत गोळा होतात, एका बाकावर बसून तासभर नुसतं वर बघत राहिलं तरी चालतं.

सगळ्यांना वेड असतं ते वॉर्बलरचं, म्हणजे किडे टिपणाऱ्या चिमुकल्या रंगीत पक्ष्यांचं. आपल्याकडच्या वटवट्यांहून हे कूळच वेगळं, आणि रंग काय सांगू! ब्लॅकबर्नियन वॉर्बलरचा गळा पेटल्यासारखा नारिंगी, वजन दहा ग्रॅमच्या आसपास, आणि हा जीव दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या बाजूला हिवाळा काढून उत्तरेच्या जंगलात विणीसाठी निघालेला. ब्लॅक-अँड-व्हाइट वॉर्बलर खोडावर उलटासुलटा चालत किडे टिपतो. तिथे नेहमी येणाऱ्या एक आजी मला म्हणाल्या, पक्षी नको शोधूस, फुललेला ओक शोध. खरंच होतं ते, कोवळ्या पानांवर आणि तुऱ्यांवर बारीक अळ्या असतात आणि रात्रभर उडून उपाशी आलेले पक्षी त्याच झाडांवर तुटून पडतात. दुपारपर्यंत मान अशी आखडते की विचारू नका, तिथले लोक त्याला वॉर्बलर नेकच म्हणतात.

वॉर्बलर बहुतेक पुढे निघून जातात, पण त्याच झाडांवर काहींची घरटी चालू असतात. अमेरिकन रॉबिन चिखल-गवताची वाटी करून निळी अंडी घालते. बाल्टिमोर ओरिओलची मादी फांदीच्या टोकाला धाग्याधाग्याने पिशवी विणते, आपली सुगरण आठवते अगदी, फक्त तिथे विणकाम नर करतो आणि इथे मादी. पार्कच्या बाहेर पडल्यावर पण थांबू नका. सिग्नलच्या आडव्या पोकळ पाइपच्या तोंडातून गवताच्या काड्या बाहेर आलेल्या दिसल्या तर समजा चिमण्यांचं घर आहे, खाली टॅक्सी हॉर्न मारतायत आणि वर पिल्लं भरवणं चाललंय. जुन्या इमारतींच्या पत्र्याच्या कंगोऱ्यांना भोकं पडलेली असतात तिथे केस्ट्रेल हे छोटे ससाणे राहतात. बहिरी ससाणे पुलांवर आणि उंच इमारतींवर वीण करतात, डीडीटी ह्या कीटकनाशकामुळे त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन ते तिथून नाहीसे झाले होते, 1972 साली डीडीटीवर बंदी आली आणि 1983 पासून शहरातल्या पुलांवर परत घरटी व्हायला लागली.

फिफ्थ अव्हेन्यूवर 927 नंबरची इमारत मी मुद्दाम बघून आले. पेल मेल नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेड-टेल्ड हॉकने, म्हणजे एका मोठ्या शिकारी पक्ष्याने, 1993 साली तिथे खिडकीवरच्या कोरीव पट्टीवर घर केलं होतं. डिसेंबर 2004 मधे इमारतीने ते काढून टाकलं तर लोक रस्त्यावर उतरले, येणारेजाणारे गाडीवाले हॉर्न वाजवून पाठिंबा द्यायला लागले, आणि त्याच महिन्यात काड्या अडकतील अशी स्टीलची चौकट बसवून जागा परत मिळाली. एका पक्ष्याच्या घरट्यासाठी भर थंडीत एवढी माणसं उभी राहिली, मला हे फार मोठं वाटतं.

कारण हेच शहर त्यांना मारतं पण. उजेड रात्री पक्ष्यांना ओढतो आणि सकाळी काचेत झाडांचं प्रतिबिंब दिसलं की ते आपटतात, न्यूयॉर्कमधे वर्षाला 90 हजार ते 2 लाख 30 हजार पक्षी असे मरतात असा अंदाज आहे. एकदा फुटपाथवर ओव्हनबर्ड, वॉर्बलरचाच एक प्रकार, पडलेला दिसला, पंख अगदी व्यवस्थित मिटलेले, मला पुढे चालवेना. पण उपाय आहे. जॅविट्स सेंटर ह्या मोठ्या प्रदर्शन केंद्राने काचा बदलल्या, बारीक ठिपक्यांच्या बसवल्या, आणि तिथलं मरण सुमारे 90 टक्क्यांनी उतरलं, वर झाडं लावून हिरवं छत केलं तर त्यावर आता हेरिंग गल हे समुद्रपक्षी घरटी करतात. आता शहराचा कायदाच आहे की नवीन इमारतीच्या खालच्या 75 फुटांत बहुतांश काच पक्ष्यांना दिसेल अशीच हवी.

जाणार असाल तर आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरे, मर्लिन ॲप डाउनलोड करून ठेवा, आवाजावरून नाव सांगतं. आणि हॉटेलची खोली वरच्या मजल्यावर असेल तर रात्री पडदे पूर्ण ओढून दिवे बंद करा, मी रिसेप्शनवर पण तसं सांगून आले.