तक्रार करा, पण गुपित फोडू नका

‘बायल्या’ म्हणून रोज चिडवलं जाणारं मूल कधीतरी धीर करून एखाद्या बाईंना सगळं सांगतं, आपण समलिंगी किंवा ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा स्वतःला जाणवणारं लिंग वेगळं असलेले) आहोत हेसुद्धा. बाईंना कळवळा येतो आणि त्या संध्याकाळीच आईवडिलांना फोन करतात. शाळेत जागा नव्हतीच, त्या फोनने घरातलीही जाते. मदत करणाऱ्या माणसांच्या हातून होणारी ही सगळ्यात घातक चूक.

मूल समलिंगी आहे की ट्रान्स, हे कोणाला आणि कधी सांगायचं हे त्याचं त्याने ठरवायचं. पहिल्याच बोलण्यात विचारून घ्या: घरी कोणाला माहीत आहे? तुला कोणत्या नावाने हाक मारू? घरच्यांसमोर तेच नाव चालेल का? तिसरा प्रश्न हमखास राहून जातो आणि पालकसभेत घोळ होतो. नावाची गोष्ट किरकोळ समजू नका. 2018 मध्ये अमेरिकेत 129 ट्रान्स आणि लिंगभावाच्या चौकटीत न बसणाऱ्या तरुणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घर, शाळा, काम आणि मित्र यांपैकी जितक्या जास्त ठिकाणी त्यांचं निवडलेलं नाव वापरलं जात होतं, तितकं नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले.

एक गोष्ट मात्र गुप्त ठेवता येणार नाही, जिवाला धोका असेल ती. हे आधीच सांगून टाका. शंका आली तर सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, गोळ्या-औषधं हाताशी ठेवू नका आणि तातडीची मदत बोलवा.

आता तक्रार. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. मोबाइलवरचा छळ असेल तर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात खात्याचं नाव आणि वेळ दिसली पाहिजे. घाबरून चॅट उडवलं की पुरावाच जातो. अर्जात मुलाची ओळख लिहायची गरज नाही, घडलं ते लिहा: ‘तिघांनी दप्तर फेकलं, अमुक शब्द वापरला.’ काय करणार आणि कधीपर्यंत, याचं लेखी उत्तर मागा.

शाळा बहुधा दोन उपाय सुचवते आणि माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत. एक, दोघांना समोरासमोर बसवून समेट. भांडण बरोबरीच्यांत असतं तेव्हा समेट जमतो. इथे एक बाजू घाबरलेली आहे, तिथून बाहेर पडल्यावर तिला जास्तच सोसावं लागतं. दुसरा, त्रास सोसणाऱ्याचाच वर्ग बदलणं. म्हणजे शिक्षा त्यालाच! त्यापेक्षा मोठ्यांची नजर नसते त्या जागा शोधा: स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, जिना, बसची मागची सीट.

स्वच्छतागृहाकडे विशेष लक्ष द्या. तिथे मार बसत असेल तर मूल सकाळपासून पाणी पीत नाही, घरी पोचेपर्यंत लघवी रोखून धरतं. संध्याकाळी डोकं दुखतं, पुढे जळजळ आणि जंतुसंसर्ग. भरलेली बाटली तशीच परत येत असेल तर कारण विचारा. एकट्यासाठी कडी लावता येणारं स्वच्छतागृह, किल्ली मागावी न लागता, एवढी सोय झाली तरी दिवस बदलतो.

समुपदेशक निवडताना आधीच विचारा, “मुलाचं समलिंगी किंवा ट्रान्स असणं तुम्ही बदलायचा प्रयत्न करता का?” ‘हो’ म्हणाले तर तिथे नेऊ नका. समलैंगिकता 17 मे 1990 रोजीच जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीतून काढली आहे.

छळ थांबला तरी एकटेपणा लगेच जात नाही. काळजीपोटी फोन काढून घेऊ नका. आपल्यासारखं कोणी भेटायची ती अनेकदा एकमेव जागा असते. फोटो न पाठवणं, पहिली भेट गर्दीच्या ठिकाणी आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगून, एवढे नियम दोघांनी मिळून ठरवा. आणि आठवड्यातली 10 मिनिटं ठरलेल्या वेळी त्याच्यासाठी राखा. दरवेळी छळाचाच विषय नको. अर्धवट राहिलेलं चित्र, हरलेली मॅच, हेही विचारा.