एट्सी गिटमध्ये: जाताना सोपं, येताना वैताग

एट्सी, म्हणजे लिनक्स मशीनची सेटिंग्ज ठेवणारा फोल्डर, गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या टूलमध्ये, टाकायला पाच मिनिटं पुरतात. डेबियन लिनक्सवर ॲप्टने (सॉफ्टवेअर बसवणारी कमांड) एट्सीकीपर हे हेच काम करणारं टूल बसवलं की रेपो, म्हणजे इतिहासाचा साठा, तयार; पहिला कमिट, म्हणजे बदलांची नोंद, तीही झालेली. पुढे ॲप्टच्या प्रत्येक फेरीला आणि रोज एकदा तो आपणहून कमिट करतो.

माझं घोडं अडलं ते परत आणताना. सावद्यातल्या एका केळी वखारीच्या बिलिंग सर्व्हरची डिस्क गेली. नव्या डिस्कवर तीच डेबियन टाकली, रेपोतून एट्सी उतरवलं, रीबूट केलं, आणि एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची सोय, बंद. मे महिन्याच्या उकाड्यात मॉनिटर जोडून लॉग पाहिला: ‘नो होस्टकीज अव्हेलेबल’, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्याच (होस्ट की) नाहीत. किल्ल्या तर जागेवरच होत्या!

गिट फाइलचा मजकूर ठेवतं आणि ती एक्झिक्युटेबल आहे का एवढंच लक्षात ठेवतं. मालक, ग्रुप, परवानग्या ६०० (फक्त मालकाला) की ६४० (ग्रुपला वाचता येते), याची नोंद नाही. म्हणून ६०० ची होस्ट की ६४४ (सगळ्यांना वाचता येणारी) होऊन उतरते, आणि सगळ्यांना वाचता येणारी खासगी किल्ली एसएसएच घेत नाही. निदान ओरडतं तरी. पासवर्ड ठेवणारी शॅडो फाइल ६४० ची ६४४ होते तेव्हा कोणीच ओरडत नाही, आणि पासवर्डचे हॅश (गुंतवलेलं रूप) कुठल्याही युजरला उघडे. रिकामे फोल्डरही गिट सोडून देतं.

ही सगळी माहिती एट्सीकीपर रेपोतल्याच ‘डॉट एट्सीकीपर’ फाइलमध्ये लिहितो: सीएचमॉड (परवानग्या), सीएचओन (मालक), एमकेडीआयआरच्या (फोल्डर बनवणं) ओळी. त्या चालतात ‘एट्सीकीपर इनिट’ दिल्यावर. इनिट म्हटल्यावर जुना इतिहास पुसेल या भीतीने मी अर्धा दिवस त्याला हात लावला नाही. तो काही पुसत नाही. चेकआउटनंतर, म्हणजे रेपोतून फाइली उतरवल्यावर, लगेच द्यायचा, ॲप्टला हात लावण्याआधी. मधे कमिट झाला तर चुकीच्या परवानग्याच त्या फाइलमध्ये जातात. मग ती फाइल जुन्या कमिटमधून आणून पुन्हा इनिट.

एकच फाइल जुन्या रूपात मागे न्यायची असली तरी नंतर एलएस -एल करून तिचा मालक आणि परवानग्या बघा.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: रेपोत शॅडो आणि किल्ल्या असतात. डॉट गिट फोल्डर ७०० असतो म्हणून मशीनवर ठीक, पण रिमोटला, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या प्रतीला, पुश करणार (पाठवणार) असाल तर तो रिमोट फक्त तुमचा हवा. एकदा बाहेर गेलं की गिटइग्नोरने (कुठल्या फाइली गिटने वगळायच्या त्याची यादी) इतिहासातून निघत नाही. पासवर्ड आणि किल्ल्या बदलाव्याच लागतात.

रोजच्या आपोआप कमिटमध्ये बदल कोणी आणि का केला ते कळत नाही. हाताने बदल केला की तिथल्या तिथे ‘एट्सीकीपर कमिट’ आणि कारणाची एक ओळ.