पहिल्या लिपीतली गावं

गणपती उठले की आमच्या अटलांटाच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची इंग्रजी पानं दर वर्षी माझ्या गळ्यात पडतात. मराठी पानं तपासायला चार जण पुढे येतात, इंग्रजीला वाली नसतो. ही पानं म्हणजे नव्या सभासदांच्या ओळखी. कोण कुठून आलं, आधी कुठे होतं, मुलगी कुठे शिकते. गावांची नावं इतकी, की रेल्वेचं वेळापत्रक तपासायला बसल्यासारखं वाटतं.

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा बाईंनी आधी पहिली लिपी गिरवून घेतली, मग दुसरी. 'कॅपिटल' हा शब्द पुष्कळ नंतर कानावर आला. विशेषनामाचं पहिलं अक्षर पहिल्या लिपीत, हा नियम तोंडपाठ होता. पण मनातून मला ती नुसती सजावट वाटायची. देवनागरीचं त्यावाचून कुठे अडतं? सुतार हे आडनाव की धंदा, ते वाक्य वाचल्यावर कळतंच.

ही समजूत मोडली ती कॅन्सस सिटीनं. एका सभासदानं 'सिटी'चं पहिलं अक्षर दुसऱ्या लिपीत ठेवलं होतं. झालं, अर्थ फिरला! आता ते कॅन्सस राज्यातलं कुठलंसं शहर झालं. आणि त्या नावाचं मोठं शहर तर मिझुरी राज्यात. कॅन्ससच्या वाट्याला हद्दीपलीकडचं त्याच नावाचं धाकटं भावंड आलंय. एक अक्षर बुटकं राहिलं आणि गृहस्थ बिऱ्हाडासकट दुसऱ्या राज्यात. जर्सी सिटी, ओक्लाहोमा सिटी, सॉल्ट लेक सिटी यांतली 'सिटी' नावातच मुरलेली आहे, म्हणून तिला मोठ्या अक्षराचा मान. शिकागोला नुसतं 'शहर' म्हणायचं असेल, तर तीच सिटी साधी, दुसऱ्या लिपीतली.

स्वल्पविरामाचं दुखणं वेगळंच. शहर, मग स्वल्पविराम, मग राज्य, इथवर सगळे नीट येतात. वाक्य पुढे चालू राहिलं तर राज्यानंतरही स्वल्पविराम हवा, हे बहुतेक जण विसरतात. कंस उघडून मिटायचा राहावा तसं. राज्य गाळावं म्हटलं तर तीही सोय नाही. कोलंबसहून कुणी आलं की आम्ही आधी 'कुठलं?' असं विचारतो, कारण एक कोलंबस आमच्याच जॉर्जियात आहे आणि मोठं ओहायोत. पोर्टलंडांची जोडी तर नाण्यानं ठरलेली. ओरेगनमधल्या जागेचे दोन मालक, एक मॅसॅच्युसेट्सचा, एक मेनचा. पहिल्याला नाव हवं होतं बोस्टन, दुसऱ्याला आपल्याकडचं पोर्टलंड. १८४५ साली नाणं उडवलं, तीनातली दोन दानं मेनवाल्याची पडली. दान उलटं पडतं तर आज दोन बोस्टनांचा घोळ मी निस्तरत बसले असते.

पिट्सबर्गच्या शेवटी एक मुका 'एच' असतो. देशभरच्या नावांना एकच वळण असावं म्हणून नावांच्या सरकारी मंडळानं १८९१ मध्ये तो काढून टाकला. गावाला ते मानवलं नाही, आणि १९११ मध्ये 'एच' परत मिळाला. न उच्चारायच्या अक्षरासाठी वीस वर्षं! आपल्याकडच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या भांडणांना मी त्यानंतर हसणं सोडलं. बालाजीच्या देवळापायी पिट्सबर्ग आमच्या अंकात हटकून येतं, आणि दर वर्षी निदान दोघांचा तरी 'एच' मीच घालते.

तपासता तपासता एक गोष्ट मात्र लक्षात आली. इंग्रजीत गावाचं नाव टोपी घालून ताठ उभं असतं, वाक्यात कुठेही ठेवा. आपल्याकडे टोपी नाही, पण नाव वाकतं. ठाणे ठाण्याला होतं, सातारा साताऱ्यात, नागपूरचा दीर्घ ऊ नागपुरात शिरताना आखडतो. आणि ही वाकण्याची रीत आपण सगळ्यांना लावत नाही. अमेरिका आपली झाली, म्हणून 'अमेरिकेत'. कॅलिफोर्निया मात्र 'कॅलिफोर्नियात', 'कॅलिफोर्नियेत' कुणी म्हणत नाही. आणि मी इथे वीस वर्षं काढली तरी माझ्या तोंडून 'अटलांट्याला' कधी निघालं नाही.

या वर्षी बालविभागही माझ्याकडेच आला. नऊ वर्षांच्या एका मुलीनं सुट्टीवर लिहिलं होतं, 'माझी आजी पुणेमध्ये राहते. आम्ही दर उन्हाळ्यात पुणेला जातो.' मी 'पुण्यात' केलं, 'पुण्याला' केलं. पुढची ओळ होती, 'मग आम्ही अटलांटाला घरी येतो.' तिच्यात काही चूक नव्हती.