तुम्ही विचारलंत म्हणून: नवी मशीन आली, मग जुनी कशाला ठेवलीत?

हा प्रश्न मला बहिणीने विचारला, जावेने विचारला, मशीन दुरुस्त करायला येणाऱ्या काकांनी विचारला, आणि शिवायला कपडे आणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीने दारातून आत येता येता विचारला. जुनी मशीन दाराजवळच आहे. तिला वळसा घातल्याशिवाय आत येता येत नाही, त्यामुळे प्रश्न पडणारच. प्रत्येकीला मी वेगळं उत्तर दिलं. एकीला म्हटलं, घ्यायला कुणी येत नाही. दुसरीला म्हटलं, वीज गेली की लागते. एकीला तर म्हटलं, आईची आठवण आहे. हे साफ खोटं होतं. माझ्या आईने जन्मात मशीनला हात लावला नाही. ही मशीन मी वापरलेलीच विकत घेतली, शिवणाच्या पहिल्या कमाईतून, आणि माझ्याआधी ती कुणाची होती हे मला ठाऊक नाही. पण ‘आठवण’ म्हटलं की समोरचं माणूस गप्प होतं, हे मला माहीत होतं. म्हणून म्हटलं. आज एकदाच काय ते खरं सांगते.

नवी घेतली ती गुडघ्यांमुळे. 22 वर्षं पायडल मारलं. शेवटची दोन वर्षं अशी गेली की ब्लाउजची एक बाही झाली की उठून चार पावलं चालायचं आणि मग दुसरीला बसायचं. डॉक्टरांनी पायाची मशीन बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हा विजेवरची घेतली. ती काज करते, झिगझॅग करते, ताणणारं कापडही शिवते. होजिअरीवर साधी सरळ टीप घातली तर कपडा अंगात चढवताना धागा तटकन तुटतो. जुनीवर ते काम घेताच यायचं नाही, कितीतरी जणींना मी परत पाठवायची. तेव्हा नवीबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधी लिहून ठेवते. ज्या बाईचे गुडघे गेलेत तिने पायडलची मशीन ठेवून काय करायचं, हा तुमचा प्रश्न बिनतोड आहे, हेही मान्य.

पण पुतण्या जेव्हा म्हणाला, ‘काकू, ते सगळं जुनं तंत्र, आता कोण वापरतं?’ तेव्हा मला राग आला, आणि तो राग मला आजही बरोबर वाटतो. मी त्याला नवीचं झाकण काढून दाखवलं. सुईचं नेढं टोकाशी, वरचा धागा सुईतून खाली जातो, खाली हुक त्याचा फास पकडून खालच्या धाग्याच्या बॉबिनभोवती फिरवतो, आणि दोन्ही धाग्यांचा पीळ कापडाच्या बरोबर मध्ये बसतो. टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालचा धागा नेणारा शटल, या जोडीचं पेटंट अमेरिकेतल्या एलायस हाऊ यांनी 1846 साली घेतलं. पाच वर्षांनी, 1851 मध्ये, आयझॅक सिंगर यांच्या मशीनला पेटंट मिळालं. जुनी तसाच टाका घालते आणि नवीही तसाच घालते. सुया तर मी दोघींना एकाच पाकिटातल्या लावते. पाकिटावर 90/14 लिहिलेलं असतं, त्यातलं 90 म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले नव्वद, एवढी सुईची जाडी. फरक एवढाच की नवीत सुईची चपटी बाजू मागे करायची, माझ्या जुनीत ती बाजूला येते. सुरुवातीला सवयीने मी नवीतही बाजूला केली, टाके सुटत राहिले, आणि मशीनच खराब निघाली म्हणून रडकुंडीला आले होते.

सरळ टीप जुनीचीच चांगली पडते, हे मी कुणाहीसमोर म्हणेन. तिच्या सुईखालच्या पट्टीला सुईपुरतं गोल भोक आहे. नवीची सुई झिगझॅगसाठी डावीउजवीकडे जाते, म्हणून तिच्या पट्टीला आडवी फट लागते. मलमलीसारखं पातळ कापड घेतलं की पहिल्या टाक्याला सुई त्याचं टोक त्या फटीत ओढते आणि खाली गुंता होतो. आणि कोपरा वळवताना जुनीवर तळहात चाकावर ठेवला की सुई हवी तिथे थांबते, एक टाका म्हणजे एकच टाका. नवीचं पायाखालचं बटण हलकं दाबलं तर ती नुसती गुणगुणते, थोडं जास्त दाबलं तर चार टाके पुढे. हाताने चाक फिरवून करता येतं, मी करतेही. पण मग विजेची कशाला घेतली?

हे सगळं खरं आहे. पण ही कारणं मी इतकी पाठ करून ठेवलीत त्यामागे दुसरंच काही आहे.

नवी आल्यानंतर दीड वर्ष मी जुनीला शिवले नाही. चादर टाकली, चादरीवर शिवायच्या कपड्यांच्या पिशव्या ठेवल्या. तुम्ही सगळ्यांनी इतकं म्हटलंत म्हणून, आणि मलाही पटलं होतं म्हणून, मी ओळखीतल्या दोघीतिघींना सांगितलं की द्यायची आहे. एका मुलीचा फोन आला. पंचविशीची असेल. कटिंग शिकलेली, घरी बसून काम घेणार होती, आणि विजेचा भरवसा नाही म्हणून तिला पायाचीच हवी होती. आकडा फोनवरच ठरला. मी म्हटलं, ये, घेऊन जा.

ती आली त्या दिवशी मी चादर काढली, डोकं वर उचललं, चाक फिरवायला गेले, तर चाक हलेना. ती बघत होती. मी दोन्ही हातांनी जोर लावला. हललं नाही. मला इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे न बघता म्हटलं, तीन दिवसांनी ये, मी मोकळी करून ठेवते.

कारण मला माहीत होतं आणि चूक माझी होती. मशीनचं तेल संपलं की मी कधी कधी स्वयंपाकघरातलं तेल घालायची, एवढ्याने काय होतं म्हणून. रोज चालत होती तोवर खपून गेलं. उभी राहिली तसं ते तेल हवेने सुकत गेलं आणि जिथे जिथे लोखंडावर लोखंड फिरतं तिथे डिंकासारखं घट्ट बसलं. मशीनच्या तेलाचं असं होत नाही. हे मी शिकवणीला येणाऱ्या मुलींना दहा वेळा सांगत आले होते.

तीन संध्याकाळी बसले. प्रत्येक भोकात रॉकेलचा थेंब सोडायचा, वाट बघायची, चाक केसभर पुढे, केसभर मागे. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सुईखालची पट्टी काढली. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या खाचांमध्ये धुरळा दाबून दाबून जाड कापडासारखा झाला होता. सुईने उचलला तर अखंड निघाला, नखाएवढा. उजेडात धरला तर त्याला थर होते. वर पांढरा, मग एक निळा पट्टा, खाली मरून, त्याखाली पुन्हा पांढरा, आणि अगदी तळाशी एक पिवळा, जो कुठल्या कपड्याचा ते मला आठवेना. त्यात मोडलेल्या सुईचं एक टोकही रुतलेलं होतं. निळा मला ओळखता आला. एका वर्षी गणवेशाचं मोठं काम मिळालं होतं, दोन महिने निळ्याशिवाय काही शिवलं नव्हतं, आणि त्या पैशावर आमचं ते वर्ष निघालं होतं. हे मी वाढवून सांगत नाही. तो तुकडा मी कागदावर ठेवला आणि बराच वेळ काही केलं नाही.

तिसऱ्या रात्री चाक फिरलं. पट्टा ढिला झाला होता, बोटभर कापून पुन्हा पिन मारली. तेल घातलं, धागा ओवला, चाक हाताने आपल्याकडे वळवलं आणि पाय टाकला. गुडघ्यात कळ आली. तरी मी वीतभर टीप घातली, मग आणखी वीतभर. आणि ठरवलं की ही द्यायची नाही.

तेव्हाच फोन करायला हवा होता. रात्र झाली होती, पण एवढीही नाही. मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा हातात नवी दोरी होती, वेटोळं अजून सुटलेलं नव्हतं. भाऊ खाली टेम्पो घेऊन थांबला होता. ती बसली. पिशवीतून कापडाची पट्टी काढली, म्हणजे तपासायला स्वतःचं कापड घेऊन आली होती. टीप घातली आणि आधी उलटी बाजू बघितली. खालचा धागा कसा बसलाय ते बघायचं हे शिकवायला मला मुलींच्या मागे महिना महिना लागायचं. तिची टीप सरळ होती, कापड दाबून धरणारा फूट उचलताना घाई नव्हती. मग तिने विचारलं, ‘ताई, हिला तेल कुठे कुठे घालायचं, दाखवाल का?’

एवढा योग्य प्रश्न त्या मशीनबद्दल मला कुणी विचारला नव्हता. आणि मी म्हटलं, ‘माझं अजून नक्की नाही गं. बघते आणि कळवते.’

ती काही बोलली नाही. पट्टीची घडी केली, पिशवीत ठेवली. दोरी उचलली. जिन्यात तिने भावाला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, टेम्पो रिकामा गेल्याचं मात्र ऐकू आलं.

त्या रात्री मी स्वतःला समजावलं की मशीन वाचवली. लोक डोकं भंगारात विकतात, स्टँडवर काच टाकून टेबल करतात, मी पाहिलेलं आहे. पण हे त्या मुलीला लागू नव्हतं. ती तेलाची भोकं विचारत होती. मशीन सगळ्यात चांगल्या हातात गेली असती तर तिच्याच, आणि ते मला तिथे उभं असतानाच कळलं होतं. मग का नाही दिली? आपल्या वस्तूवर आपला हक्क असतो, विकायचं का नाही हे शेवटपर्यंत बदलता येतं, असं मी तेव्हा म्हणत होते आणि आजही अर्धं म्हणते. उरलेलं अर्धं असं की मी शब्द दिला होता, आणि नाही म्हणायचं धाडस नव्हतं म्हणून तिला ‘कळवते’ म्हणून टांगून ठेवलं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. नवीवर मी शिवते, चांगलं शिवते, पण अजून बघून बघून शिवते. जुनीवर मला कापडाचं वागणं पायात कळायचं. कुठे जाड शिवण आली, कुठे दोरा ताणला गेला, सुई बोथट झाली, हे डोळ्यांआधी तळव्याला कळायचं. मला येणारं सगळं मी तिथे बसून शिकले. ती मुलगी माझ्या जागेवर बसली आणि टीप सरळ पडली, तेव्हा वाटलं की ही मशीन गेली तर माझ्याकडे नवीन शिकणारीचा हात आणि दुखरे गुडघे एवढंच उरेल. हे कारण मोठं आहे का? एका कमावू बघणाऱ्या मुलीला परत पाठवण्याइतकं मोठं आहे का? मला ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं हो, 22 वर्षांनंतर एवढं तरी माझं असावं. कधी मलमल शिवताना मधेच लाज वाटते.

वापरते ना, हे पुढचं विचाराल. महिन्यातून तीनचार वेळा. पातळ कापडाची सरळ शिवण, कॉलरची टोकं, तेही वीस मिनिटांवर नाही. एवढ्यासाठी दाराजवळची जागा अडवायची का, हे मी स्वतःलाही विचारते. मध्यंतरी वाटलं, त्या मुलीलाच वापरायला द्यावी, विकू नये. मग वाटलं, मागायला गेले तर तिची रोजीरोटी मागितल्यासारखं होईल. त्यापेक्षा सरळ विकलेली बरी.

ती आता दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर काम करते, असं ऐकलं. स्वतःची घेतली का, ते कळलं नाही.

मशीनचं तेल आता मी संपू देत नाही. दर महिन्याला एकेक भोक बघून घालते, चाक चारपाच वेळा हाताने फिरवते, पुसते. त्या मुलीचा नंबर फोनमध्ये ‘मशीन’ या नावाने ठेवलेला आहे. तो मी पुसलेला नाही, आणि लावलेलाही नाही.